हात धुवायचं पाणी

नुसत्या खांबांवर छप्पर असलेल्या, भिंती नसलेल्या बेटावरच्या घरात माणसाने लपायचं तरी कुठे? चर्चकडून येणारी तीन माणसं रोपातीला लांबूनच दिसली, आणि त्यांना रोपाती दिसला. तरीही तो खांबामागे सरकला. खांब वीतभर जाडीचा, आणि रोपाती गावच्या बसचा ड्रायव्हर, बसून बसून चांगला सुटलेला.

"या बाहेर," त्याची बायको तालिता म्हणाली. "दोन्हीकडून दिसताय."

पाहुणे कशाला येताहेत ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पेनियामिना काकांना आता डोळ्यांनी धड दिसेना, म्हणून चर्चच्या मंडळीच्या सेवकाचं काम ते सोडत होते, आणि त्यांच्या जागी सगळ्यांनी रोपातीचं नाव घेतलं होतं. खोटं कशाला बोला, ते ऐकून रोपातीला मनातून गुदगुल्या झाल्या होत्या. पण सेवक झालं की भर उपासनेत उभं राहून प्रार्थना करायची. आणि चारचौघांत उभं राहिलं की रोपातीच्या जिभेला कुलूप लागायचं. लेकीच्या लग्नात 'हे पित्या' म्हणून जो थांबला तो थांबलाच. शेवटी व्याह्यांनी 'आमेन' म्हणून त्याची सुटका केली. तेव्हा आता नाही म्हणायचं, पण गोड बोलून, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

चर्चचे पाळक, त्यांची बायको पाळकबाई आणि काका खांबांना टेकून मांडी घालून बसले.

"पाळकसाहेब, मी या कामाचा माणूस नाही," रोपातीने सुरुवात केली. "गाडी चालवताना शिव्या देतो मी."

"आम्ही तुमच्याच गाडीने जातो," पाळक म्हणाले. "ऐकल्यात सगळ्या."

"उपासनेत डुलकी लागते मला."

"घोरत नाहीस ना?" काका म्हणाले. "मग झालं. मी तर घोरायचो."

आता खरं कारण सांगायला रोपातीने घसा खाकरला, तोच तालिताने जेवण आणलं. भाजलेला नीरफणस, नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं आणि उद्याच्या रविवारसाठी राखलेली कोंबडी. तीही आजच कापली होती. पाहुण्यांच्या तोंडात घास असताना नाही कसं म्हणणार? रोपाती पंख्याने माश्या वारत बसून राहिला. पाळकबाई मन लावून जेवणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी अळूची पानं दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि त्याचं 'नाही' आणखी लांबलं.

जेवणं झाली. हात धुवायचं पाणी पुढे धरणं हे घरातल्या तरण्या पोरांचं काम, पण लेकी लग्न होऊन ऑकलंडला गेलेल्या. मग रोपातीनेच टॉवेल खांद्यावर टाकला आणि पाण्याचं भांडं उचललं. बसलेल्या पाहुण्यांसमोरून ताठ मानेने जाणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा. तो कमरेत वाकला, आणि सुटलेलं पोट सांभाळत, "माफी असावी, माफी असावी," करत एकेकापुढे जाऊ लागला. पाळकबाईंना हसू आवरेना. त्यांनी हात धुतले, मग पाळकांनी धुतले.

काकांचा हात भांडं शोधत हवेतच फिरत होता. रोपाती गुडघ्यांवर बसला. त्याने तो हात आपल्या हातात घेतला, पाण्यात बुडवला, बोटांच्या बेचक्यांत अडकलेलं नारळाचं दूध हळूच चोळून काढलं आणि टॉवेलने एकेक बोट कोरडं केलं. मग दुसरा हात घेतला.

"गुणी पोर आहे," काका म्हणाले. "कुणाचा रे तू?"

"मी रोपाती, काका."

काकांनी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"मग नाही का म्हणतोयस?"

आता सुटका नव्हती. "मला बोलता येत नाही हो," रोपाती खाली बघत म्हणाला. "उभा राहिलो की सगळं विसरतो. लोक हसतील. देवाच्या घरात हसं होईल."

"बोलणारे गावात पैशाला पासरी आहेत!" काका करवादले. "निम्मं गाव भाषणं ठोकतं, आणि उरलेलं निम्मं आपली पाळी कधी येते बघत बसतं. वाकणारा कुणी मिळेना, म्हणून या उन्हात तुझ्या दारी आलो मी."

"पण प्रार्थना, काका?"

"'हे पित्या' एवढं तरी येतं ना? तेवढं तू म्हण. पुढचं आम्ही सगळे म्हणू."

पाळकांनी मान डोलावली. रोपातीचे डोळे भरून आले, आणि वर हसूही यायला लागलं. आपल्याला एवढा आनंद का होतोय हे त्याचं त्यालाच कळेना.

"पाणी बदलून आणतो," तो कसाबसा म्हणाला. हात धुवायचं खरं तर आता कुणीच उरलं नव्हतं. तरी तो भांडं उचलून, आला तसाच वाकून, मागच्या बाजूला निघाला. तो घराच्या जोत्यावरून उतरतो न उतरतो तोच पाळकबाईंनी स्तुतीचं गीत उचललं, पाळकांनी खालचा सूर धरला, आणि काका आपल्या फाटक्या आवाजात सगळ्यांच्या पुढे धावू लागले. शेजारच्या घरातून कुणीतरी बसल्या जागेवरून साथ दिली.

तालिता चुलीपाशी जीव मुठीत धरून उभी होती.

"अहो, गायला काय लागले ते? काय म्हणालात तुम्ही त्यांना?"

रोपातीने पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं आणि खांद्यावरच्या ओल्या टॉवेलने डोळे पुसले.

"अगं, नाही म्हणायचं राहूनच गेलं."