रॅकची परीक्षा

रामटेकच्या गडाचा उतार सायकलवरून बिनधास्त उतरता यावा म्हणून गिरिधरने सायकलला हायड्रॉलिक ब्रेक बसवून घेतले. सायकल तिथवर न्यायची कशी, यावर महिनाभर खल करून त्याने कारच्या मागे रॅकही लावला. रविवारी सकाळी चारुलताने डबा भरला आणि नवरा-बायको निघाले.

कामठी येईपर्यंत त्याने दर थोड्या वेळाने गाडी थांबवली.

"आता काहून थांबलात जी?"

"सायकल हलून राहिली वाटते."

शेवटी स्टिअरिंग चारुलताकडे आलं. तो मागच्या सीटवर उलटा, गुडघ्यांवर बसून काचेतून पाहू लागला. पण आतून रॅकचे पट्टे नीट दिसेनात. रॅक पाहायचा तर चालत्या गाडीच्या मागून पाहायला हवा होता, आणि त्यासाठी हाताशी वाहन एकच होतं. कन्हानच्या पुलाअलीकडे त्याने सायकल खाली उतरवली.

"तू हळूहळू चाल वं. मी मागून पाहतो."

चारुलता रिकामा रॅक घेऊन निघाली. आरशात गिरिधर घामाघूम होऊन पॅडल मारत येत होता. लग्नानंतर इतका वेळ तो तिच्या मागे कधी आला नव्हता. तिने वेग आणखी कमी केला.

रामटेकला पोचल्यावर गडाकडे न बघताच तो मागच्या सीटवर आडवा झाला.

"मग, कसा आहे रॅक?" तिने विचारलं.

"एक नंबर," तो समाधानाने म्हणाला. "एवढ्या दुरून आली, पण सायकलले ओरखडा नाही पडला."