पूजेनंतरचं उड्डाण

खंडेनवमीच्या पूजेत घातलेल्या हाराची एक पाकळी विमानाच्या वेग मोजायच्या नळीत अडकली. स्वतःचं विमान स्वतःच चालवणाऱ्या निंबाळकरांना उतरताना वेग कळेना, विमान आदळलं आणि चाक मोडलं.

"उड्डाणाआधी तपासणी कोणी केली?" विमा कंपनीच्या माणसाने विचारलं.

कोणीच केली नव्हती. मेकॅनिक शेलारकाका 'साहेब, पाच मिनिटं थांबा, बघून घेतो' म्हणेपर्यंत निंबाळकर व्याह्यांना घेऊन उडालेसुद्धा होते. पण हे सांगितलं तर विमा बुडणार. निंबाळकरांनी मान खाली घातली.

"मीच केली. नजरचूक झाली," काका म्हणाले. पंचवीस वर्षं जपलेला त्यांचा परवाना तेवढ्यावर गेला.

बाहेर आल्यावर निंबाळकरांना त्यांच्याकडे बघवेना.

"माझ्या जागी येणाऱ्या माणसाला तेवढं सांगा, साहेब," काकाच म्हणाले, "थंडीत इंजिन लवकर उठत नाही. त्याच्यावर ओरडू नको म्हणावं."