पहिला नंबर

जव्हार दरबाराची चिठ्ठी घेऊन मुंबई विद्यापीठातला वर्तक साखरशेत गावात आला आणि अख्खा पावसाळा फागू भगताच्या पडवीत बसून त्याने धान्याच्या देवीचं, कणसरीचं गाणं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या वर्षी तो पेढे घेऊन हजर.

“भगतबाबा, तुमच्या गाण्यावर एम.ए.ला पहिला आलो. आता कॉलेजात प्रोफेसर झालोय. तुमचे देव पोरांना मीच शिकवणार.”

फागूच्या कपाळाला आठी पडली. “आमच्यात गाणं तोंडपाठ आल्याबिगर कुणाला शिकवता येत नाय. म्हण बघू.”

वर्तकने वही उघडली.

फागूने ती त्याच्या हातून घेऊन मिटली आणि पेढा तिच्यावर ठेवला.

 

“पहिली ही आली. तू पावसाळ्यात परत बस.”