पोटाखालचं इमान

हरणाच्या डोहाळजेवणाला कडेगावात बायका जमल्या आणि सासूची नजर तुळईला टांगलेल्या लाकडी विमानावर गेली. हवाई दलात मिस्त्री असलेल्या हरणाच्या नवऱ्यानं अमेरिकेतल्या विमानाचं चित्र बघून रजेत ते हलक्या पांगाऱ्यातनं कोरलं होतं. मोठ्या विमानाच्या पोटाखाली आकड्याला अडकवलेलं, आभाळात सुटून लढणारं इवलं विमान. "पोटातनं पोर पडल्यावानी दिसतंय! गोऱ्याचा झेंडा उतरला तवा हिचं एक पोटातच गेलं, तेवढं बास न्हाई? चुलीत घाला!" सासू म्हणाली. हरणा झोपाळ्यावरनं ताडकन उठली. "सुटलं म्हंजे पडलंच व्हय, आत्याबाई? ह्ये इमान उडायला सुटतंय!" असं म्हणत तिनं आकडा काढला आणि इवलं विमान भिरकावलं. बायका किंचाळल्या. विमान डोक्यांवरनं तरंगत गेलं, झोकांडलं, खाली यायला लागलं. सासूनं धावत जाऊन पदर पसरला आणि ते झेललं. "हळू सोडावं की गं, बये! नाक मोडलं असतं लेकराचं!"