चुकलेले टाके

सासूबाई घोरायला लागल्या तशी सुनेने टेबलक्लॉथ उचलला आणि खिडकीशी नेऊन निरखला. आजची चूक लगेच सापडली. तिसऱ्या फुलाची डावी पाकळी. भरीव टाके वाकडेतिकडे, मधूनमधून खालचं कापड दिसतंय. "अगं बाई, आज तर आईंनी कहरच केलाय," ती पुटपुटली. छोटी कात्री घेऊन तिने पाकळी उसवली आणि नव्याने भरायला बसली. घाई नव्हती. सासूबाईंची दुपारची झोप दोन ते चार, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

हे सगळं सुरू झालं ते आवराआवरीतून. घरात तिला 'झटपट' म्हणत. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर सकाळपाळी करून ती घरी यायची आणि पसारा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. सासूबाईंच्या खोलीत तर पसाऱ्याला तोटा नव्हता. बिस्किटांच्या डब्यात रेशमाच्या लडी, लडींत अडकलेल्या सुया, औषधाच्या बाटलीत बटणं. "आई, तुम्ही फक्त बघत राहा," म्हणून एका रविवारी तिने बाह्या सरसावल्या. दोरे रंगवार पुठ्ठ्यांवर गुंडाळले, बटणं बरण्यांत भरली, सुया जाडीप्रमाणे लावल्या, प्रत्येक खणावर चिठ्ठी डकवली. एवढ्या पसाऱ्यात नीट घडी घातलेली वस्तू एकच होती, हा अर्धवट टेबलक्लॉथ. तिने तो उलगडला, तर काठाचा साधा धावदोरा चुकलेला. एक टाका लांब, एक आखूड.

भरतकाम मंडळाच्या प्रदर्शनात तीस वर्षं मधलं टेबल सासूबाईंचं. बायका मुद्दाम कापड उलटं करून बघायच्या, कारण मागची बाजूही पुढच्याइतकीच साफ असायची. आता याच बायका म्हणणार, गेला हात म्हातारीचा! आणि ते एकदा कानावर पडलं की सासूबाई पुन्हा सुई धरणार नाहीत, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं. हल्ली चहाचा कप उचलतानाही त्यांचा हात थरथरायचा. चहा मात्र कधी सांडत नव्हता, तेवढंच नशीब.

तिला स्वतःला भरतकाम येत होतं का? छे! लग्न होऊन आली त्या वर्षी सासूबाईंनी तिच्यापुढे सुई धरली होती. "माझा आणि सुईचा छत्तीसचा आकडा आहे," म्हणून तिने अंग काढून घेतलं आणि वीस वर्षं त्यावर ठाम राहिली. पण धावदोरा काय, कुणीही घालेल. तिने तो उसवून नीट घातला. सासूबाईंच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या आठवड्यात साखळी टाका बिघडला. तोही जमला. मग उलटी टीप, मग काजटाका. बरं तर बरं, चुकलेल्या टाक्याशेजारी एक तरी अचूक टाका असायचा, त्यामुळे बघून नक्कल करता यायची. सुईतही नेमका त्याच रंगाचा दोरा ओवलेला असायचा. गाठीच्या टाक्याने तिला रडवलं. सुईभोवती दोन वेढे द्यायचे, ओढायचं, की गाठ गायब. अकराव्या खेपेला गाठ बसली, आणि दुसऱ्या दिवशी केसपेपरच्या खिडकीवर ती सकाळभर स्वतःशीच हसत होती.

"आईला कळलं तर?" नवऱ्याने एकदा दबक्या आवाजात विचारलं.

"कळू द्यायला मी काय कच्ची आहे? त्यांना पत्ता लागणार नाही."

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी तिने पूर्ण कापड शेवटचं तपासलं. चूक एकही नव्हती. पण उजव्या कोपऱ्यातलं एक फूल कोरंच होतं, पेन्सिलीची रेघ तेवढी. आई चक्क विसरल्या! ती मागे वळली, तर सासूबाई पलंगावर उठून बसलेल्या, टक्क जाग्या.

"आई, हे... हे फूल राहिलं वाटतं," ती चाचरली.

"राहिलं नाही गं, ठेवलंय. ते तुझं."

"माझं? अहो, मला कुठे येतं?"

सासूबाईंनी नुसती सुई पुढे केली, वीस वर्षांपूर्वी केली होती तशीच. आज तिच्यात दोरा नव्हता. सुनेने ओवायला घेतला, पण हाताला घाम सुटला होता. एकदा हुकला, दोनदा हुकला, तिसऱ्यांदाही हुकला. मग सासूबाईंनी सुई काढून घेतली. चष्मा उशीपाशीच पडला होता. त्यांनी एका फटक्यात दोरा ओवला, गाठ मारली आणि सुई परत तिच्या हातात दिली. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही.

सून त्या हाताकडे बघत राहिली. आधी धावदोरा. मग साखळी. मग टीप, काज, गाठ आणि सगळ्यात शेवटी भरीव. तिचे डोळे भरून आले आणि हसूही फुटलं.

"तीन महिने मुद्दाम चुकायचं म्हणजे काय कष्ट असतात, तुला कल्पना नाही," सासूबाई म्हणाल्या आणि आडव्या होऊन त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "आता आज तरी मला खरीखुरी झोप घेऊ दे. या फुलात चुकायचं असेल तर तुझं तू चूक."