जिन्यावरच्या गप्पा

"बुखार गया, रिपोर्ट निगेटिव्ह आई, फिर भी जो थक जाते हैं, जिनकी साँस फूलती है, जो बात करते-करते भूल जाते हैं, वो ज़रा हाथ उठाइए," डॉक्टर मंजिरी माईकवर म्हणाल्या.

रायपूरमधल्या या कॉलनीच्या अंगणात बसलेल्यांपैकी कोणीच हात वर केला नाही.

हरिदास मेश्राम मागच्या रांगेत बसले होते. रेल्वेतले निवृत्त गार्ड. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. करोनाआधी ते भराभर जिना चढायचे, वाटेत कोणाकडे बघायचेही नाहीत. करोनातून उठले आणि माणूसच बदलला. पहिल्या मजल्यावर थांबून वनमालाबाईंच्या लोणच्याची चौकशी करू लागले, दुसऱ्यावर शालिग्राम बोरकरांना पोराच्या नोकरीचं विचारू लागले. "बीमारीनं माणूस सुधरला," असं सगळे म्हणत. रायपूरभर पसरलेल्या नातेवाइकांपर्यंतही ही ख्याती पोचली होती.

"ये आलस नहीं है," डॉक्टर सांगत होत्या. "वहम भी नहीं. बीमारी के बाद भी शरीर को सँभलने में टाइम लगता है, किसी-किसी को बहुत टाइम. लोग शर्म के मारे छुपाते हैं, और घर में ताने सुनते हैं."

पुढे बायकांमध्ये बसलेल्या कलावतीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरला दाखवा म्हणून ती सांगून थकली होती. दरवेळी एकच उत्तर, "मले काही नाही झालं."

हरिदासांनी खाली पाहिलं. मग पुढच्या खुर्चीचा आधार घेत उभे राहिले आणि हात वर केला.

"वनमालाताई, मी खोटं बोललो तुमच्यासंग," ते म्हणाले. "मले त्या लोणच्याचं काही नोतं. दम लागे मले. तुमच्या दारापुढं नुसतं धापा टाकत उभं राहाले लाज वाटे. म्हणून काहीबाही विचारत होतो."

वनमालाबाईंचा चेहरा उतरला. त्या एकट्याच राहायच्या. दिवसभरात त्यांच्या दाराशी थांबणारं दुसरं कोणी नव्हतं.

"मंग मी देल्या त्या लोणच्याच्या बरण्या?" त्यांनी विचारलं.

"पलंगाखाली आहेत," कलावती म्हणाली. "यायले आंबट चालतच नाही."

वनमालाबाई एकदम हसल्या. त्यांचं पाहून बाकीचेही हसले.

"काय माणूस आहे बाप्पा! अन् मी तुमाले रोज सांगून राहिली, मोहरी कशी फेसाची, तेल कधी टाकाचं. एक दिवस तरी म्हणाचं ना, की हे कालच सांगतलं!"

"मले वाटलं, तुमाले सांगाले आवडते."

"आवडते कायचं, भाऊजी? काल सांगतलं हे मले आठवतच नोतं!"

एवढं बोलून त्या थांबल्या. हसू ओठांवर तसंच राहिलं. डॉक्टरांकडे पाहत त्यांनी हळूच हात वर केला.

"तापातून उठल्यापासूनच सुरू झालं हे," त्या म्हणाल्या. "मी समजली, वय झालं."

"म्हणजे मी एकटाच नाही तं," शालिग्राम बोरकर पुटपुटले. त्यांचाही हात वर गेला. मग कोपऱ्यातल्या एका सुनेचा. मग तिच्या सासूचा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदरात तोंड लपवून हसू लागल्या.

डॉक्टर माईक सोडून लोकांमध्ये येऊन बसल्या. "सबसे पहले जाँच," त्या म्हणाल्या, "क्योंकि साँस फूलने की वजह कुछ और भी हो सकती है. काम थोड़ा-थोड़ा, और थकने से पहले आराम. पड़ोसी की गोली मत खाना. और घर में ताने बंद!"

"हव!" सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या.

कार्यक्रम संपला. कलावती चहा ठेवायला पुढे गेली. हरिदास पहिल्या मजल्यापर्यंत चढले आणि थांबले. कोणाला काही विचारलं नाही. सरळ पायरीवर बसले आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागले. मागून वनमालाबाई आल्या, त्यांच्या शेजारच्या पायरीवर टेकल्या. शालिग्राम कठडा धरून खालच्या पायरीवर बसले. तिघंही नुसती बसून राहिली, आणि कोणाला त्याचं अवघड वाटलं नाही.

वरून कलावतीचा आवाज आला, "काहून जी? आले नाही अजून?"

"थकलो," हरिदास म्हणाले.

वर चपला वाजल्या. कलावती एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात कप घेऊन जिना उतरून आली.

"सरका जरा," ती म्हणाली.

तिघंही भिंतीकडे सरकली.