कासवाचं कुंकू

किनाऱ्यावर ओढलेल्या रापणीच्या जाळ्यात कासव आलं, की त्याला हळद-कुंकू लावून पुन्हा समुद्रात सोडायचं, ही गौरजाच्या सासरची जुनी रीत. आजही तिने त्या ओल्या पाठीवर मूठभर कुंकू वाहिलं आणि हात जोडले. पण कासव हललंच नाही. नवऱ्याने त्याची मान उचलून पाहिली. "ह्यां मेलां गो!" तेवढ्यात सुरूच्या बनातून सागरी अभयारण्याच्या साहेबांची जीप वाळूत उतरली. नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "पूस तां कुंकू, बेगीन! आमीच मारलां म्हणतले, जाळां न्हेतले. मगे खातलंव काय?" ती पदराने खसाखसा पुसू लागली. ओलं कुंकू जाईना, पसरतच गेलं. कवच लाल, पदर लाल, दोन्ही तळवे लाल. साहेब कासवाजवळ वाकले, मग तिच्याकडे वळले. "हात दाखवा, बाई." 'रगत नाय, कुंकू,' तिच्या मनात आलं. तिने ओंजळ पुढे केली, तीर्थ घ्यायला करतात तशी.